गच्चीवर चढलेले गुडघे

माझ्या अंदाजाची ख्याती ऐकायची असेल तर प्रवरेच्या काठाने कुणालाही विचारा. आता तिथं मला ओळखणारे फारसे उरले नाहीत, तेव्हा माझ्याकडूनच ऐका. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात मी तेहतीस वर्षं काढली. काम एवढंच, की शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहायचं, उसावरून एक नजर फिरवायची आणि ह्या रानातून किती टन निघेल ते सांगायचं. वजनकाटा नंतर, आधी माझे डोळे. देवळाली प्रवराच्या शिवारात एकदा माझा आकडा आणि काट्याचा आकडा जुळला नाही, तर लोकांनी काटा दुरुस्तीला काढला. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर काटा स्वतः घरी येऊन माझी माफी मागून गेला असं सांगितलं असतं.

तर असा हा माणूस. ह्याच माणसाने बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचे पैसे एका कंपनीच्या शेअरमध्ये घातले, आणि तेही अंदाजाने.

आधी गुडघ्यांचं सांगतो. निवृत्त झाल्यावर आम्ही माझ्या मूळ गावी आलो. जामखेडच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. बायको प्रवरेकडची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. ह्या कोरड्या मुलखात ती आली तेव्हाच तिचे गुडघे गेले होते. ती चालायला लागली की आधी आवाज यायचा आणि मागून ती यायची. अंधारात मांजर त्या आवाजाने वाट सोडायचं. खाली बसणं तर बंदच झालेलं. लग्नाकार्यात बायकांची पंगत खाली, आणि ही एकटी म्हाताऱ्या बाप्यांच्या ओळीत खुर्चीवर, मान खाली घालून जेवायची. नगरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "दोन हाडांमधली गादी संपली, हाडावर हाड घासतंय. दोन्ही गुडघे बदलावे लागतील. फार लांबवू नका."

लांबवायचं कारणही नव्हतं. कारखान्याने जाताना हातावर ठेवलेले पैसे आम्ही दोघांच्या नावे मुदतठेवीत टाकले होते. त्या कागदाला घरात 'गुडघ्याची पावती' म्हणायचो. कपाटातल्या भारी साड्यांच्या खाली ती पावती असायची आणि बायको आठवड्यातून एकदा साड्या उचलून ती आहे ना ते बघायची. मुदत दिवाळीला संपणार होती. दिवाळीनंतर ऑपरेशन. ठरलेलं, पक्कं, काही करायचं शिल्लक नव्हतं. माणसाला काही करायचं शिल्लक नसलं की तो काय करेल ह्याचा अंदाज मात्र मला कधी आला नाही.

त्या वर्षी माघ महिन्यात गावात डबा आला.

आमच्या गावात मोबाईलची रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीवर. सोयरिकी टाकीवर ठरायच्या, ऊसतोडीच्या आगाऊ उचलीची बोलणी टाकीवर व्हायची. एका नवऱ्या मुलाने टाकीवरून होकार कळवला, पण 'पसंत' म्हणून झालं आणि 'आहे' म्हणायच्या आत रेंज गेली, तर मुलीकडच्यांनी दुसरीकडे अक्षता टाकल्या. अशा गावात ग्रामपंचायतीच्या गच्चीवर एक खांब उभा राहिला आणि खांबाला परातीएवढी थाळी व तिच्या पाठीला पांढरा डबा बसला. बसवणारा माणूस बाहेरचा होता. त्याची शिडी मी धरली. मला दुसरं काम नव्हतंच. त्याने सांगितलं की इंटरनेटची तार जमिनीखालून आणायची तर डोंगर फोडावा लागेल, म्हणून तार खालच्या गावापर्यंत आणि तिथून पुढं हवेतून. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर.

"असे किती बसणार?" मी विचारलं.

"काका, जिथं तार जात नाही तिथं सगळीकडे," तो वरून म्हणाला. "तुम्हीच मोजा."

मोजा म्हणाला! कुणाला म्हणाला!

डब्याच्या बुडाशी बारीक अक्षरात तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. मी ते तळहातावर लिहून घेतलं, जसं पूर्वी गट नंबर लिहून घ्यायचो. आणि त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसं राहतात. शेजारच्या म्हातारीने त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून लांबच्या फडावरच्या नातीचं तोंड फोनवर पाहिलं. तिने काचेवरून हात फिरवला, नेमकं लाल बटण दाबलं गेलं आणि नात गेली. म्हातारी ओरडली, "आरं परत आना तिला!" सगळे हसले. मी हसलो नाही. मी हिशेब करत होतो. ज्या मुलखात अर्धं गाव अर्धं वर्ष दुसऱ्या अर्ध्याला बघायला तरसतं, तिथं हा डबा भाकरीसारखा खपणार. कंपनी लहान, शेअर स्वस्त, आणि डोंगर तर काही कुणी हलवत नाही.

जामखेडला माझे एक मित्र आहेत, निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. शेअरचं त्यांना कळतं, म्हणजे ते रोज थोडं थोडं हरतात आणि का हरलो ते त्यांना सांगता येतं. मी त्यांना तळहात दाखवला.

त्यांनी फोनवर कंपनीचा ताळेबंद काढला, चष्मा कपाळावर ढकलला. "शेतकीवाले, डबे गेलेत भरपूर. पण पैसे आलेले दिसत नाहीत."

"येतील की. सरकारी काम आहे."

"कंपनी डबा ठेकेदाराला देते. ठेकेदार गच्चीवर लावतो. सरकार ठेकेदाराला देणार, ठेकेदार कंपनीला देणार. मधे कुणी अडलं तर कंपनी काय खाणार?"

"गुरुजी, उसाला तरी पैसे लगेच मिळतात का? ऊस उभा आहे ना, मग तो गळीताला जाणारच. डबा गच्चीवर उभा आहे. मी शिडी धरली होती."

गुरुजी हसले. "ऊस तोडला तरी बुडख्यातून पुन्हा खोडवा येतो. डब्याला खोडवा येत नाही. एकदा बसला की झालं, पुढची पाच वर्षं त्या गावाकडून कंपनीला काय मिळणार?"

हे त्यांनी त्या दिवशीच सांगितलं होतं. मी आज लिहितो आहे म्हणून तुम्हाला शहाणपणाचं वाटतं. तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाने आयुष्यभर फळ्यावरच शेती केली, ह्याला काय कळतंय.

बँकेत पावती मोडायला दोघांच्या सह्या लागत होत्या. बायकोला मी आधी काही बोललो नव्हतो. तिला तालुक्याला नेलं, उसाचा रस पाजला, साडीच्या दुकानापुढून दोनदा नेलं आणि मग बँकेत बसवून कागद पुढे केला.

"हे काय?"

"दिवाळीपर्यंत ह्याचं दुप्पट होणार. मुद्दल तसंच राहील, नफ्यात तुझे दोन्ही गुडघे बसतील. उरलेल्यात शेजारणीचेही दोन बसवून देऊ."

"मला दुसरीचे नगं. माझे तेवढे बसवा." तिने पेन घेतलं. "गुडघ्याचं हाय बरं का हे."

"मला माहीत नाही का?"

"म्हाईत हाय म्हनून तर सांगते."

आणि सही केली. तिची सही मोठी, शाळेतल्या मुलीसारखी, रेघेवर बसवलेली. त्या सहीला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी दहादा तिचा हात धरू शकलो असतो.

आता खरं सांगतो, शेअर वाढला. चैत्रात वाढला, वैशाखात वाढला. कंपनीला नव्या गच्च्यांची ऑर्डर मिळाली अशी बातमी आली की वाढायचा, मिळणार आहे अशी आली तरी वाढायचा. मी गावात असा चालायचो की जणू हवेतून जाणारं इंटरनेट माझ्याच छातीतून पुढे जातं. पारावर बसून सांगायचो, ह्या डब्यावर आता जनावरांचा डॉक्टर म्हशीची नाडी बघणार. एकाने विचारलं, म्हशीला नाडी कुठं असते? मी म्हटलं, ते कंपनी बघेल.

आषाढात वीज पडली आणि आमचा डबा बंद पडला. कुणी दुरुस्तीला आलं नाही. मी परत पाण्याच्या टाकीवर जाऊन शेअरचा भाव बघायला लागलो. गुरुजींनी फोनवर विचारलं, "मग? डबा गेला म्हणे?"

"एका रानात हुमणीची कीड लागली म्हणून सगळी पंचक्रोशी बुडत नाही," मी म्हटलं. "वीज काय कंपनीने पाडली?"

गणपतीच्या सुमारास शेअर खरोखर दुप्पट झाला. टाकीवरून मी जवळजवळ उडी मारूनच खाली आलो. बायको गॅसच्या ओट्याला पोट टेकवून भाकरी थापत होती. पायावरचा भार ती पोटावर घ्यायची.

"झालं दुप्पट," मी म्हटलं.

"मग काढा की."

"एवढ्यात?"

"दुप्पट झालं की काढायचं म्हनला हुता तुमी."

"अगं, कोवळा ऊस तोडला तर साखर उतरत नाही. अजून थोडं पक्व होऊ दे."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "माझे गुडघे पक्व झाल्याती," ती म्हणाली, "त्यांचं बघा."

मी हसलो. तीही थोडी हसली असावी. पाठमोरी होती.

पक्व होण्याचं मला काय सांगायचं! तेहतीस वर्षं मी लोकांना बजावलं होतं, की उसाला तुरा आला की आतून तो पोकळ पडायला लागतो, वरून दिसायला मात्र राजासारखा. शेअरला तुरा आला होता आणि मी पारावर बसून तो लोकांना कौतुकाने दाखवत होतो.

दसऱ्याच्या अलीकडे गुरुजींचा फोन आला. मी टाकीवर होतो म्हणून लागला.

"कंपनीचा हिशेब तपासणारा माणूस काम सोडून गेलाय," ते म्हणाले. "आज बातमी आली. भाव अजून फारसा उतरलेला नाही. आजच्या आज विका."

"तपासणारे जातात, दुसरे येतात."

"शेतकीवाले, तो उगाच जात नाही. त्याने आत काहीतरी बघितलंय. मी हात जोडतो, पण तुम्ही विका."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. एवढी अक्कल मला होती.

"मग विका," ती म्हणाली.

"विकतो. पण आधी पाहणी करून येतो."

"कसली पाहनी?"

"पाहणी केल्याशिवाय तोडीची चिठ्ठी कुणाला दिली आहे का मी कधी? गावोगाव जाऊन बघतो डबे उभे आहेत का. उभे असले तर हा सगळा गवगवा. पडले असले तर विकतो."

"गुरुजी विका म्हंत्यात. मी विका म्हंते. तुमी मोटरसायकलवर बसून डबे मोजनार?"

"तीन दिवसांचा प्रश्न आहे."

ह्या वाक्यावर मी आजही रात्री उठून बसतो. तीन दिवसांचा प्रश्न होता, हे अगदी खरं.

पहिल्या दिवशी मी आमच्या बाजूची गावं घेतली. ग्रामपंचायतीसमोर गाडी थांबवायची, मान वर करायची, डबा दिसला की वहीत फुली. सगळीकडे डबा होता. पांढरा, ताठ, उन्हात चमकणारा. दुसऱ्या दिवशी मी घाटाच्या वरची गावं केली. तिथंही तेच. एका गावात तर मला एकाच खांबावर दोन दिसले. म्हणजे कदाचित एक असेल आणि मला आनंदाने दोन दिसले असतील. संध्याकाळी मी टाकीवर गेलो. भाव थोडा उतरला होता, फार नाही. गुरुजींना सांगितलं, "सगळे उभे आहेत."

"चालू आहेत का?"

"उभे आहेत म्हणजे काय?"

फोन चालू होता, मला त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी एका गावात ग्रामपंचायतीचा शिपाई ओट्यावर बिडी ओढत बसला होता. माझ्याच वयाचा. मी फुली मारून निघत होतो, तर त्याने विचारलं, "काय मोजता, पाव्हनं?"

"डबा. दिवा लागतो ना ह्याचा?"

"लागला हुता की. उद्घाटनाला. नारळ फुटला, फोटू काढलं, आनि दिवा गेला."

"मग दुरुस्त नाही केला?"

"काय दुरुस्त करनार? आत काय हाय? ठेकेदाराचं बिल निघालं न्हाई, म्हनून त्याची मानसं आली आनि आतलं यंत्र घिऊन गेली. टोपी तेवढी ठिवली. म्हनली, वरनं कुनी साहेब बघायला आला तर डबा दिसाया पायजे." त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमी साहेब हाय का?"

मी जिन्याने गच्चीवर गेलो. तीन दिवसांत पहिल्यांदा. डब्यावर बोटाने वाजवलं. आतून गांधीलमाश्यांचा आवाज आला आणि एक बाहेर येऊन माझ्या मनगटाला डसली. बाकी आत काही नव्हतं. आदल्या दोन दिवसांत ज्या ज्या डब्यांपुढे मी फुली मारली होती, त्यांतल्या एकाही गच्चीवर मी चढलो नव्हतो. सगळे रस्त्यावरून मोजले होते, बांधावरून ऊस मोजावा तसे. उसाचं बरं असतं, रिकामा ऊस वाऱ्याने हलतो तेव्हा वेगळा वाजतो. डबे वाजत नाहीत.

गच्चीवर उभा राहून मी फोन काढला. विकायचे होते, सगळे, मिळेल त्या भावाला. रेंज नव्हती. डब्याशेजारी उभा होतो आणि रेंज नव्हती. फोन उंच धरला, खांबाच्या टोकापर्यंत हात नेला. खाली शिपाई म्हणाला, "रेंज व्हय? ती जामखेडच्या रस्त्याला, पंपाच्या म्होरं."

पंपापर्यंत मी गाडी किती वेगाने नेली हे सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा परत सुरू झाला. तेव्हा राहू द्या. पंपाजवळ फोनमध्ये जीव आला. स्क्रीनवर भाव लाल झाला होता आणि त्याखाली विकणाऱ्यांची रांग. घेणारा एकही नाही. दुपारीच आणखी एक बातमी फुटली होती, कंपनीने कर्जाचा हप्ता चुकवला म्हणून. भाव त्या दिवशी जेवढा पडू शकतो तेवढा पडून तिथंच गोठला होता. असं झालं की तुम्ही विकायला काढलेलं तसंच पडून राहतं. घेणाराच नसतो, तर विकणार कुणाला? दुसऱ्या दिवशी सकाळी भाव आणखी खाली उघडतो आणि तिथंच परत गोठतो.

तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या दिवशीही तेच. रोज सकाळी नऊच्या आधी मी टाकीवर चढायचो आणि विकायला टाकायचो. माझ्यासारखे देशभरात किती जण कुठल्या कुठल्या टाक्यांवर चढत असतील देव जाणे. रांगेत माझा नंबर कधीच आला नाही. मग तो शेअर आठवड्यातून एकदाच विकता येईल असा नियम लागला. घरी परतलो की बायको दारात उभी असायची. माझ्या तोंडाकडे बघायची आणि वळायची. वळताना तिला चौकट धरावी लागायची.

दिवाळी झाली. ऊसतोडीची गाडी गावातून भरून गेली, शेजारच्या म्हातारीची नातही गेली. दवाखान्यातून फोन आला तो माझ्या फोनवर आला असता तर मी घेतला असता. तो बायको जामखेडच्या बाजारात असताना तिच्याच फोनवर आला. मी पिशवी धरून शेजारी उभा होतो.

"व्हय, मीच," ती म्हणाली. "तारीख? न्हाई जमायचं ताई. न्हाई, तब्येत बरी हाय. आमच्याकडं अजून पिकलं न्हाई. पिकलं की सांगते."

फोन ठेवला आणि वांगी निवडायला लागली. वाकता येत नव्हतं, म्हणून भाजीवाला एकेक वांगं वर धरायचा आणि ती हो-नाही म्हणायची. तिने मला त्या दिवशी शिव्या दिल्या असत्या तर मी तिथं बाजारात पाया पडलो असतो. तिने विचारलं, "कोथमिर घ्यायची का?"

पुढे होळीच्या सुमारास कुणीतरी घेणारा उभा राहिला. कुठला, का, मला माहीत नाही. मी सगळं विकलं. घातलं होतं त्याचा पाचवा हिस्सा परत आला. गुरुजींनी आपल्या खिशातले काही घातले आणि 'परत मागणार नाही' असं मला सांगण्याऐवजी बायकोला सांगितलं. मुलगी संगमनेरला असते, तिने तिच्या सोन्यातलं घातलं. असं करून एका गुडघ्यापुरतं झालं.

डॉक्टर म्हणाले, "एक आता करू, दुसरा तीन महिन्यांत केलाच पाहिजे. एक पाय सरळ आणि दुसरा वाकडा असला की कमरेवर ताण येतो."

"करू की," मी म्हटलं. जीभ सवयीने चालते.

उजवा केला. चांगला झाला. दीड-दोन महिन्यांत तो दुखायचा थांबला, आणि मग तिला पहिल्यांदाच कळलं की डावा किती दुखतो. आधी दोन्ही दुखायचे तेव्हा ती कुठल्याच पायावर रागवायची नाही. आता डाव्यावर हात ठेवून बसते. त्या तीन महिन्यांना आता दोन वर्षं होतील.

मी रोजंदारीवर उसाचे अंदाज द्यायला परत जाईन म्हटलं, तर कारखान्यात आता वरून फोटो काढणारं यंत्र आलंय. ते माझ्यापेक्षा बरोबर सांगतं म्हणे. पारावर मी अजून बोलतो, लोक अजून हसतात. कुणी शेअरचं विचारलं तर सांगतो, तीन राज्यांतला पैसा माझ्यामुळे बुडाला, बाजार बंद ठेवावा लागला. पण घरी आलो की बोलायला काही सुचत नाही. एवढी तोंडाची फॅक्टरी, आणि उंबऱ्यापाशी गळीत बंद.

मागच्या महिन्यात आम्ही संगमनेरला मुलीकडे गेलो होतो. ती दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. बायको एकेक पायरी चढत होती. उजवा पाय वर, मग कठड्याला धरून डावा ओढून त्याच पायरीवर. मी मागे होतो, दोन्ही पिशव्या घेऊन. पहिला मजला झाला तेव्हा तिचा पदर घामाने चिकटला होता.

"मागं कशाला थांबताय?" ती म्हणाली. "पडले तर झेलनार व्हय?"

"झेलीन की."

"पिशव्या कुठं ठिवनार मग?"

मी पिशव्यांकडे पाहिलं. तेवढ्यात वरून मुलगी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन उतरली आणि जिन्याच्या वळणावर ठेवली. बायको तिच्यावर बसली. डावा पाय वाकत नव्हता, तो समोर लांब केला.

"तुमी वर जा," ती म्हणाली. "चहा घ्या. मी येते दमादमानं."

"थांबतो की."

"जा म्हनते ना."

मी वर गेलो. मुलीने चहा दिला, तो मी घेतलाही, बशीत ओतून, सगळा. मग परत खाली आलो. ती खुर्चीत तशीच बसली होती. खालून कुणाचं तरी पाऊल वाजलं की ती दोन्ही हातांनी डावा पाय उचलायची आणि भिंतीकडे सरकवायची, म्हणजे चढणाऱ्याला वाट मिळावी. माणूस गेला की परत उचलून समोर ठेवायची.